तीस दिवसांची मुदत

बोळिंज, विरार (प.)
८ मार्च २०२५

ती. आशाताईस,
चंद्रहासचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाचं यंत्र पुन्हा बिघडल्याचं वाचून वाईट वाटलं, आणि थोडं बरंही. फोनवर तू हल्ली फक्त 'काय?' म्हणतेस, पत्रात निदान पूर्ण वाक्यात रागावतेस.

इकडची बातमी चांगली आहे. गेल्या आठवड्यात उमेळ्याचे लुईसभाऊ बँकेत आले. त्यांच्या वाडीचा विहिरीकडचा तुकडा बिल्डरने घेतला, त्यातले पाच लाख ठेवायचे होते. बसले नेमके माझ्यासमोर. टेबल बँकेचं, खुर्ची बँकेची, मी मात्र विमा कंपनीचा. हे लोकांच्या लक्षात येत नाही आणि आम्ही आणून देत नाही. त्यांनी ठेव मागितली, मी त्यांना शेअर बाजाराशी जोडलेला विमा दिला. दुसऱ्या दिवशी भलेपणाने वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन आले.

तू म्हणशील, यात आनंद कसला? ताई, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझा मूळ पगार बावीस हजार आहे. वरचं सगळं इन्सेंटिव्ह, आणि तेही आकडा गाठला तर. मॅनेजर संकेत एकोणतीस वर्षांचा आहे. रोज सकाळी ग्रुपवर सिंहाचं चित्र टाकतो आणि खाली आमचे आकडे. सिंहाला टार्गेट नसतं, हे त्याला कोण सांगणार? मार्चअखेर जो कमी पडेल त्याच्याकडून 'स्वखुशीने' राजीनामा घेतात. लुईसभाऊंमुळे मी वाचलो. ज्ञानदा म्हणते, बऱ्याच दिवसांनी नवरा माणसासारखा जेवला. अश्लेषाच्या कॉलेजच्या फीचाही घोर मिटला.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवण्याचं टार्गेट देत नाही.

तुझा,
चंद्रहास


देवरुख
१४ मार्च २०२५

चि. चंद्रहास यास,
अनेक आशीर्वाद.

तू जेवलास हे वाचून आनंद झाला. तुझ्या जेवणात लुईसभाऊंचा वाटा किती, ते मात्र कळलं नाही.

तुला आठवतं का, गेल्या वर्षी तू मलाही असंच काहीतरी दिलंस. पन्नास हजार, एकदाच भरायचे, असं मी समजले होते. परवा पुन्हा पन्नास भरण्याची सूचना आली. म्हणून आता एक विचारते. तेव्हा तुझ्या कंपनीतून फोन आला होता. तू आधीच सांगून ठेवलं होतंस की ती मुलगी जे विचारेल त्याला हो म्हण. मी म्हटलं, सहा वेळा. यंत्र तेव्हाही बंद होतं. माझा मळा लिहून देता का असं तिने विचारलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं.

तर ते सहा प्रश्न मला लिहून पाठव. तीस वर्षं मुलांना प्रश्न घातले. उत्तर आधी देऊन प्रश्न मागायची वेळ पहिल्यांदाच आली. लुईसभाऊंना फोन आला होता का, तेही लिही.

प्रकृतीला जप. उन्हातून हिंडताना टोपी घाल, टाय नंतर.

तुझी,
आशाताई


बोळिंज
१९ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

पहिला प्रश्न होता, आपलं नाव काय? तू म्हणालीस, हो. दुसरा जन्मतारखेचा. त्यालाही हो. तरी पॉलिसी पास झाली, म्हणजे त्या टोकाची मुलगीसुद्धा तुझ्याइतकंच ऐकत होती. तिलाही दिवसाला इतके फोन संपवायचे असतात.

तिसरा: ही ठेव नाही, विमा आहे, हे माहीत आहे ना? मग विचारतात की एवढीच रक्कम दरवर्षी, दहा वर्षं भरायची आहे हे समजलंय का, आणि पाच वर्षं पैसे काढता येणार नाहीत, चालेल का. शेवटी विचारतात, एजंटाने सगळं नीट समजावलं का.

लुईसभाऊंचा फोन माझ्यासमोरच आला. ते माझ्याकडे बघत हो म्हणत होते आणि मी मान हलवत होतो. दरवर्षी भरायचे, हे ऐकून ते थांबले. मी हसून पुन्हा मान हलवली. त्यांनी हो म्हटलं.

हे इथे लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. त्यांच्या पत्नी कॅथरिनबाईंचे दोन्ही गुडघे नाताळाआधी बदलायचे आहेत. हे पैसे त्याचेच. फॉर्म भरताना त्यांनी मला सांगितलं होतं.

यावर उपाय आहे, आणि तोच माझ्या जिवावर आलाय. कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते, थोडंफार कापून पैसे मिळतात. लुईसभाऊंचे कागद ६ मार्चला पोचले. पण पॉलिसी कधीही परत गेली तरी माझ्या मार्चच्या आकड्यातून वजा होते. म्हणजे राजीनामा. या वयात मला दुसरीकडे टेबल कोण देणार? सगळेच असं विकतात, ताई. मी काही जगावेगळा नाही.

तुझी मुदत गेल्या वर्षीच संपली. तेव्हा तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

तुझा,
चंद्रहास


देवरुख
२५ मार्च २०२५

चि. चंद्रहास,
आशीर्वाद.

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टमनच्या हातात द्यायची लाज वाटली असती.

तुला अडचण होती तर मागायचं होतंस. मी पन्नास हजार दिले असते आणि परत कधी देतोस म्हणून विचारलंही नसतं. तू सख्ख्या बहिणीला गिऱ्हाईक केलंस. हे मी विसरणार नाही, आणि विसरले असं खोटंही सांगणार नाही.

सगळेच विकतात म्हणतोस. वर्गात कॉपी पकडली की पोरं हेच सांगायची. त्यांना निदान चौदावं वर्ष लागलेलं असायचं.

तुझी नोकरी गेली तर ज्ञानदाला आणि अश्लेषाला घेऊन इकडे या, घर मोठं आहे. तांदूळ, कोकम आणि माझी बडबड फुकट मिळेल. पण त्या बाईंच्या गुडघ्यांवर तुझा मार्च उभा करू नकोस. पाच एप्रिलच्या आत उमेळ्याला जा. गेला नाहीस तर मला पत्र नको.

आशाताई


बोळिंज
३ एप्रिल २०२५

ती. ताईस,
चंद्रहासचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी पाडवा होता. श्रीखंड न खाता उमेळ्याला गेलो.

लुईसभाऊ चर्चमधली मिस्सा आटोपून नुकतेच आले होते. त्यांना वाटलं, मी सणाच्या शुभेच्छा द्यायला आलोय. त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बोलल्या त्या कॅथरिनबाई, दाराची चौकट धरून. म्हणाल्या, यांनी तेव्हाच घरी येऊन सांगितलं होतं की बँकेतल्या माणसाला एसीत घाम सुटला होता. मीच म्हटलं, ताप असेल बिचाऱ्याला. मग त्या आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

परतीचा अर्ज मीच लिहिला. कारणाच्या रकान्यात 'ठेव असल्याचे सांगून विमा विकला' असं लिहिलं आणि विकणाऱ्याचं नावही घातलं, माझं. लुईसभाऊंनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, मगच सही केली. या वेळी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

सोमवारी अर्ज दिला, पोच घेतली. पैसे त्यांच्या खात्यात येतील. दुपारी संकेतने केबिनमध्ये बोलावलं. राजीनामा तयारच होता, फक्त नाव बदलायचं होतं. तो वाईट मुलगा नाही, ताई. त्याच्याही वर कुणीतरी सिंह पाठवतं. माझं झाल्यावर तो आपला आकडा मोजत बसला होता.

तुझ्या पैशांचं मला काही करता आलेलं नाही. तक्रारीचा अर्ज लिहितोय; तुझ्या सहीसाठी पाठवीन. त्यातही नाव माझंच आहे. ज्ञानदाला सगळं सांगितलं. ती दोन दिवस कामापुरतं बोलते आहे.

एक सांगायचं राहिलं. मी निघालो तेव्हा लुईसभाऊ फाटकापर्यंत आले. कडी काढताना, खाली बघत, त्यांनी विचारलं की याने तुमच्या नोकरीला काही होणार नाही ना. मी म्हटलं, छे, काही नाही होत. बावीस वर्षं या धंद्यात खोटं बोलतोय. कमिशन नसलेलं हे पहिलंच.

कळावे. उत्तराची वाट बघतो.

तुझा,
चंद्रहास