वर्गातली शिडी

मी, खाली सही करणारी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तपासलं आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही.

१. राहतं घर आणि बँकेतील ठेवी माझ्या जुळ्या मुलींना समसमान द्याव्यात. परवा थोरली औषधं घेऊन आली आणि म्हणाली, "धाकटी नुसती फोनवर गोड बोलते. इथे राबतं कोण?" संध्याकाळी धाकटी आली. "ताईने एकाच महिन्याची आणली ना? मी तीन महिन्यांची आणलीत." इथे कोणाचा नंबर लागणार नाही. मी दमले आहे.

२. आमच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक, म्हणजे माझे धाकटे दीर, माझ्या नावाने पहिल्या क्रमांकाचं बक्षीस ठेवा म्हणून मागे लागले आहेत. ठेवू नये. वर्गात शिडी उभी करून पायऱ्यांना मुलांच्या नावांचे चिमटे लावायचे, ही युक्ती त्यांचीच. दर शनिवारी चाचणी, मग चिमटे वरखाली. हलवत मीच होते. "चुरस लागली की पोरं आपोआप शिकतात, वहिनी." निकाल वाढला, नाकारत नाही. पण मुलं एकमेकांना खोडरबर देईनाशी झाली. उत्तरावर कोपर ठेवून लिहू लागली.

माझ्या मुलीही त्याच वर्गात. एका शुक्रवारी धाकटी तापाने फणफणली. थोरलीने मला हळूच विचारलं, "उद्या ती शाळेत येणार नाही ना?"

भावजींना हे सांगितलं, तर म्हणाले, "दोघींपैकी एक तरी पहिली येतेच ना? मग रडता कशाला?"

३. निवृत्तीच्या दिवशी शाळेने ती शिडी मला भेट दिली. चिमटे मी काढून टाकले; लाकूड चांगलं आहे. शिडी दोघींची सामायिक. विकू नये, कापून वाटून घेऊ नये.

४. माळ्यावरच्या पेटीत दोघींना मिळून घालत असे ते पांघरूण आहे. तेही दोघींचं. फरशी गुळगुळीत आहे, शिडी घसरते. एकीने चढावं, दुसरीने खालून घट्ट धरावी. कोणी चढायचं, हे ठरवायला चाचणी घेऊ नये.

हे मी वाचून पाहिलं आणि खालच्या दोन साक्षीदारांसमोर सही केली.

सही: दोघींची आई
साक्षीदार: १. आमचे डॉक्टर २. शेजारचे शिंपीकाका
ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी, शनिवार