तेवढी एक दाढ सोडून

४ फेब्रुवारी, सकाळ
उजवीकडच्या खालच्या दाढेशी हिरडी सुजली आहे. सून म्हणाली, आई, डेंटिस्टकडे जाऊन या. मी म्हटलं, बघू. माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे सुनेला वर्षभरात कळलं. मुलाला अजून कळायचं आहे.
डेंटिस्टला भिते असं मुळीच नाही. आमचे हे आयुष्यभर डेंटिस्टांना दातांच्या कॅपा बनवून देत होते. अर्धं गाव यांनी केलेल्या दातांनी जेवतं. पण माझं तत्त्व असं, की आधी आजार समजून घ्यायचा, मग डॉक्टर. लायब्ररीतून हिरड्यांवरचं जाड पुस्तक आणलं.

६ फेब्रुवारी
काय एकेक असतं! हिरडीच्या फटीत एक जंतू राहतो. त्याच्याकडे एन्झाइम असतात, म्हणजे कात्र्याच. आपल्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे दारावरच्या बेल. आता गंमत अशी, की या बेलचं बटण दाबणारं बोट बेललाच जोडलेलं असतं, वर फक्त एक टोपण. जंतू कात्रीने टोपण उडवतो. बोट आपसूक बटणावर पडतं. पेशी ओरडते, चोर आला! शरीर फौज पाठवतं. सूज, लाली, ठणका. फौज चोराला सोडून घराच्याच भिंती पाडते, हाडसुद्धा झिजतं, आणि त्या पडझडीत जे सांडतं ते चोर निवांत बसून खातो.
हे गेले तेव्हा माझ्या नणंदबाई आल्या होत्या. स्वतः रडल्या, सगळ्यांना रडवलं, आणि जाताना मिक्सर घेऊन गेल्या. जंतूची पद्धत लगेच लक्षात आली ती त्यामुळेच.
आता सुटत नाही तो माझ्या तावडीतून.

७ फेब्रुवारी
साखर बंद. आजपासून, कायमची.

८ फेब्रुवारी
पुढचं पान वाचलं. हा जंतू साखर खातच नाही, प्रथिनं खातो. म्हणजे साखर बंद करणं अशास्त्रीय होतं. चहात दोन चमचे, शिवाय कालचा राहिलेला एक.

९ फेब्रुवारी
दात घासण्यात मी कधी कुचराई केलेली नाही. दोन्ही वेळा, आतून, बाहेरून, कोपऱ्यांतून. फक्त ती दाढ सोडून. तिच्यावर यांनी केलेली कॅप आहे. तीन वेळा मोडून पुन्हा केली होती, कडेला जराशी फट दिसते म्हणून. मी ती बसवून घरी आले त्या दिवशी हे म्हणाले, जपून वापर, यापेक्षा चांगली माझ्या हातून व्हायची नाही. तेव्हापासून तिला ब्रश लागू दिला नाही. झिजायची बिजायची. आता तर बनवून देणाराही नाही.
याचा सुजेशी संबंध नाही. सहज लिहिलं.

११ फेब्रुवारी
महत्त्वाचा शोध. या जंतूला हवा सोसत नाही! दुपारभर खिडकीशी तोंड उघडं ठेवून बसले. सून ऑफिसातून लवकर आली आणि दारातच किंचाळली. तिला वाटलं, मी गेले. शास्त्र समजावलं. ती म्हणाली, आई, मग बोलत राहिलात तरी हवा जाईल ना आत. पोरगी हुशार आहे. संध्याकाळभर बोलले. जेवायच्या आधीच मुलाने कानात ते हेडफोन घातले.

१६ फेब्रुवारी
रात्रभर ठणका. सकाळी सुनेने गोळी दिली, तासाभरात सगळं शांत. जिंकले, असं मी जाहीर केलं. सून भाजी चिरता चिरता म्हणाली, बेल काढून ठेवलीत, चोर आत आहे तो आहेच. माझंच पुस्तक मलाच! दिवसभर तिच्याशी अबोला धरला. त्यामुळे हवेचा उपचार बुडाला.

१९ फेब्रुवारी
दाढ हलते, असं सून म्हणते. मी जिभेने तपासलं. हलते ती जीभ.

२० फेब्रुवारी
मुलाने परस्पर अपॉइंटमेंट घेतली. जाईन, पण चर्चेसाठी. दाढ काढू देणार नाही. शास्त्रीय कारणासाठी. ते कारण उद्या सविस्तर लिहीन.

२१ फेब्रुवारी
या डॉक्टरीणबाई कॅपा आमच्या यांच्याकडूनच करून घ्यायच्या. मी रिसेप्टरांपासून सुरुवात केली. बेलपर्यंत आले आणि त्यांनी तोंडात आरसा घातला. मग एक बारीक सुई कॅपच्या कडेवरून फिरवली. म्हणाल्या, ही त्यांच्या हातची ना? कडेला सुईचं टोक अडकत नाही अजून. कॅपला काही झालेलं नाही. खालचं हाड गेलंय.
एक्स-रेचा फोटो दाखवला. बाकीचे दात ठणठणीत, म्हणाल्या, मग इथेच एवढी घाण कशी साचली? टेबलावरची प्लास्टरची बत्तिशी आणि ब्रश पुढे केला, करून दाखवा म्हणाल्या. मी दाखवलं. आतून, बाहेरून, कोपऱ्यांतून. सून शेजारीच उभी होती. डॉक्टरीणबाईंनी एका दाढेवर बोट ठेवलं. ही राहिली.
मी म्हटलं, ती यांची आहे.
मग डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, काकू, ब्रशने कॅप झिजत नसते. त्यांना विचारलं असतंत तर हसले असते.
हसले असते, हे खरं.

२३ फेब्रुवारी, दुपार
दाढ काढली. दोन मिनिटांत आली, काही अडूनच बसली नाही. एवढा जाड ग्रंथ वाचला, तिला कशाची पर्वा नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, टाकून देऊ? सूनच म्हणाली, नको, कागदात बांधून द्या.
घरी आले. गाल अजून बधिर. बेसिनशी उभी राहून दाढ वाटीत घेतली, ब्रशला पेस्ट लावली, आणि कॅप घासली. नीट, आतून, बाहेरून. बराच वेळ.
अजिबात झिजली नाही.