जुना भाग परत पाठवा

शनिवार, २ मार्च २०२४

पार्सिपनीच्या दोन खोल्यांतून फ्रिस्कोच्या या भाड्याच्या घरात आज आम्ही तिघं येऊन पडलो: मी, रेणू आणि पाच वर्षांची अबोली. समोर हिरवळ, कोपऱ्यावर पार्क, आणि गराजमध्ये आधीच्या भाडेकरूने सोडलेला लेझर प्रिंटर! त्र्याण्णव सालचा, दोघांनी मिळून उचलावा असा. नागपुरात कॉलेज सांभाळून मी सीताबर्डीच्या एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करायचो. हात शिवशिवले. कागद ओढत नाही, शाई बोटाला लागते, प्रत्येक पानावर तोच काळा डाग. म्हणजे तीन भाग गेलेत. रेणू म्हणाली, मोरेश्वर, अजून तवा सापडला नाहीये आणि तू प्रिंटर घेऊन काय बसलास यार, नवा ऑर्डर कर ना. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. पण अबोलीला रंगवायला मोराची चित्रं छापून हवीत. मी शब्द दिलाय.

बुधवार, ६ मार्च

हे भाग आता कोणी बनवत नाही. पण ओक्लाहोमातला एक विक्रेता सापडला. तो जुने भाग नीट करून विकतो. रोलर, म्हणजे कागद ओढणारं रबरी चाक, आज आलं. जुनं चाक झिजून काचेसारखं झालं होतं. सोबत चिठ्ठी: जुना भाग दहा दिवसांत परत पाठवा. न आल्यास त्याच कामाचा, तुमच्याकडे वापरात असलेला भाग आम्ही घेऊ.

वाचून हसूच आलं. आमच्या घराण्यात जुनी वस्तू कोणी हातची सोडत नाही. असू दे, लागेल कधीतरी, म्हणत आईने मिक्सरच्या तीन जळक्या मोटरी जपून ठेवल्यात. मीही जुना रोलर बिस्किटांच्या डब्यात टाकला.

शनिवार, १६ मार्च

उरलेले दोन भाग आज आले. शाई तापवून कागदावर पक्की करणारा फ्यूजर, आणि पानाचं चित्र क्षणभर धरून कागदावर उतरवणारा ड्रम. दोन्ही बसवले आणि पहिला मोर छापला! अबोली टाळ्या पिटत घरभर धावली. चिठ्ठी पुन्हा तीच. जुने भाग पुन्हा डब्याशेजारी.

फोन मात्र सकाळपासून अंगठ्याने उघडत नाही. बोटं निरखून पाहिली. रेषा नाहीत. दहाही बोटं गुळगुळीत. रेणू म्हणाली, भांडी घासून घासून झालं असेल, क्रीम लाव. अबोलीच्या केसांतून हात फिरवला. केस हाताला लागले नाहीत.

मंगळवार, २६ मार्च

तापल्या तव्यावर हात टेकून उभा होतो. वास आला तेव्हा कळलं. रेणू ओरडली. मला चटका जाणवलाच नाही.

दुपारी ऑफिसात कोणीतरी अबोलीची चौकशी केली. सांगायला लागलो, आणि तिचा चेहराच आठवेना. फोनमधला फोटो काढला. हो, हीच. फोन खाली ठेवला. चेहरा गेला.

बुधवार, २७ मार्च

चिठ्ठी परत वाचली. भाग तीन होते. माझ्याकडून तीन गोष्टी गेल्या: बोटांची पकड, आतली ऊब, चेहरे धरून ठेवणं. दहा-दहा दिवसांनी.

विक्रेत्याला मेल केली की सगळं आजच पाठवतो, माझं मला परत द्या. दहा मिनिटांत उत्तर आलं. मुदत संपली आहे, बदलीचे भाग मिळाले, स्थिती उत्तम, आभार.

रेणूला सांगितलं. ती म्हणाली, नव्या जॉबचा स्ट्रेस आहे, सोमवारची डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय. मला घाबरायला हवं. माझी मुलगी माझ्यातून पुसली जातेय. रडायला हवं. काही होत नाही.

गुरुवार, २८ मार्च

अबोली समोर असते तोवर अबोली. मान वळवली की—

फोटो खिशात ठेवतो. फोटोवरून नजर उचलली की फोटोतलीही जाते. रेणूचंही तसंच व्हायला लागलंय. लिहिलेलं तेवढं राहतं. म्हणून लिहितो: गुलाबी जॅकेट. दोन वेण्या.

शनिवार, ३० मार्च

रेणू अबोलीला घेऊन पार्कमध्ये गेली होती. चारला ये म्हणाली होती. गेलो. बाकांवर बायका होत्या. त्यांतली रेणू कोणती, कळलं नाही. घसरगुंडीमागे गुलाबी जॅकेट. दोन वेण्या. उचलून घरी आणली. वाटभर रडत होती. खेळ सोडवत नसेल.

आता टेबलाशी बसलीय. दूध दिलं. पीत नाही. म्हणाली, आय वॉन्ट माय मॉम. म्हटलं, येईल आता. मग आय वॉन्ट टू गो होम. म्हटलं, हे घरच आहे ना, बाळा. डाव्या हातात तिचा हात धरून लिहितोय. हातात काही आहे असं वाटत नाही.

फोन वाजतोय. रेणू.

स्पीकरवर विचारतेय, मी कुठे राहिलो. ती आणि अबोली अजून पार्कमध्येच— अबोली तिच्या मांडीवर— तिथे पोलीस आलेत म्हणते, कुणाची तरी मुलगी—