गाळ्याची चावी

शुक्रवार, माणिकपूर

आज जेवणात लक्षच नाही! शेठने कारखान्याच्या गाळ्याची चावी दिली. रोज रात्री कामगार आत झोपले की हा बाहेरून कुलूप ठोकून घरी. म्हणे, माल चोरतील. आणि आग लागली तर? विचारून विचारून घसा बसला माझा. आज दिली, सगळ्यांसमोर, माझ्या हातात! आणि मी वेडी, आनंदात ती पर्समध्ये टाकून घरी आले. परप्रांतीय कामगारांच्या हक्कांसाठी संस्थेत काम करते म्हणे! चावी त्यांची ना? लाजत पिंटूला फोन केला. तो तिथलाच कामगार, बिहारचा. हसायलाच लागला.

"रहने दो दीदी, ताला तो हमने नाले में फेंक दिया. आज कुंडी अंदर से लगायी है."