तीस घरं

२६ ऑक्टोबर, रविवार

पन्नास फॉर्म! एका दुपारी! इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला आलेल्या एकेकाला गाठलं, चकली खाता खाता भरून घेतले. प्रश्न एकच — हेमलता आत्याचा रविवारचा मराठी वर्ग चालू राहावा का? सत्तेचाळीस होय!

आमच्या अध्यक्षांना, भय्यासाहेबांना, वर्गाची खोली कोचिंगवाल्यांना द्यायची आहे. मला म्हणे, "वर्ग पाहिजे कोणाले? आकडे दाखव ना." घ्या आकडे! निम्म्या घरांनी होय म्हटलं तर वर्ग राहील, नाहीतर तीस नोव्हेंबरच्या सभेत बंद. अट एवढीच की आकड्यांवर कॉलेजच्या सरांची सही हवी. बी.कॉम.च्या सांख्यिकीत तसाही एक प्रोजेक्ट द्यायचाच आहे. तोही यातच उरकला.

२९ ऑक्टोबर

विनय सरांनी सही केली नाही. सगळ्यांसमोर म्हणाले — "मंदिर के दरवाज़े पर खड़ी होकर पूछोगी कि भगवान को मानते हो, तो जवाब क्या आएगा?" सगळे हसले. मराठीबद्दल मराठी माणसांना नाही विचारायचं, तर काय नर्मदेतल्या माशांना विचारू?

जे फराळाला आलेच नाहीत त्यांचं काय, म्हणतात. मंडळाच्या यादीत दोनशे बारा घरं आहेत, त्यातली तीस निवड — मनाने नाही, चिठ्ठ्या काढल्यासारखी. पुस्तकाच्या शेवटी नुसत्या आकड्यांची दोन पानं आहेत, ती त्यासाठी! मला वर्षभर वाटत होतं छपाईत काहीतरी चुकलंय. आणि एकदा निघालं ते घर बदलायचं नाही. कुलूप असलं तर परत जायचं. यांना काय जातंय सांगायला!

३१ ऑक्टोबर

तीस आकडे काढले. एक घर सिहोऱ्याला निघालं. एका फॉर्मसाठी बसने तासभर लांब सिहोरा!

२ नोव्हेंबर, रविवार

क्रमांक ६७, रांझी. अंबादासकाका, फॅक्टरीतून रिटायर झालेले. चहा दिला, चिवडा दिला, आईची चौकशी केली — आणि नाही! "नातवाले समजते बेटा, बोलता नाही येत. अन् शिकून काय करन? पेपर तं हिंदीतच देणार हाय." गणपतीत आरतीला सगळ्यांत पुढे उभे असतात ते हेच! असा संताप झाला की चहा तसाच ठेवून उठले.

शेजारच्या प्रतिमाकाकू फाटकातूनच ओरडल्या, "अच्छा, माझा लिही ना! होय लिही!" त्यांचं घर तिसांत नाही. तरी घेतला फॉर्म. अंबादासकाकांचा फाडायचा आणि हा लावायचा — कोणाला कळतंय?

३ नोव्हेंबर

प्रतिमाकाकूंचाच फाडला. सर डोक्यात येऊन बसलेत, हलत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

वीस घरं झाली. आठ होय. फक्त आठ!

राइट टाउनमधल्या एका बाईंनी जाळीचं दारसुद्धा उघडलं नाही. आतूनच — "कोणता वर्ग? असा वर्ग असते का?" एकोणीस वर्षं असतो! दर रविवारी पावणेआठला आत्या फळा पुसून तयार असते, चार पोरं येवोत की दहा. ही वही मी मराठीत लिहू शकते ती तिच्यामुळे, घरी तर आमचं अर्धं बोलणं हिंदीतच चालतं. आणि यांना पत्ताच नाही!

फराळाच्या दिवशी शंभरात चौऱ्याण्णव होते. आता शंभरात चाळीस. सर बरोबर निघाले, याचाच सगळ्यांत जास्त राग येतोय.

१६ नोव्हेंबर, रविवार

सिहोरा. जाताना बसमध्ये उभी, येतानाही उभी.

राधाबाई, एकट्याच राहतात. मुलगा-सून बंगलोरला. चष्मा शोधला, फॉर्म हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. "मले काहून विचारून राहिली, बाई? आमच्या घरी तं शिकणारं कोणीच नाही." तरी होय केलं. म्हणाल्या, कोणाचं तरी लेकरू शिकन. मला रडूच आलं. मनाने घरं निवडली असती तर यांच्या दारात मी कधी गेलेच नसते. पण सरांना हे सांगणार नाही.

२२ नोव्हेंबर

एकोणतीस घरं झाली. चौदा होय! पंधरावं मिळालं की झालं. आणि उरलंय कोणाचं घर? क्रमांक १४३, हेमलता आत्या! मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

सरांना फोन करून विचारलं, चालेल ना? "नंबर आया है तो चलेगा. पर जाकर पूछना, खुद मत भर लेना." मी काय चोर आहे? उत्तर माहीत असताना विचारायला जायचं, आणि याला शास्त्र म्हणायचं! असो. उद्या वर्ग सुटला की जाते. भय्यासाहेबांचा चेहरा बघायचाय मला सभेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

मी गेल्या गेल्या 'होय'वर पेन टेकवलं होतं. आत्या म्हणाली, "आधी प्रश्न तं विचार." विचारला. तर म्हणाली — "एकोणीस वर्षांत एक रविवार माझा नाही झाला, पूर्णिमा. थकली मी. आपल्या तोंडानं सोडते म्हणाची हिंमत नव्हती होत." पेन माझ्या हातातून घेतलं आणि 'नाही'वर खूण केली. "मले आजवर कोणी विचारलंच नव्हतं."

मी तरी कुठे विचारलं होतं!