ऐकू दे जरा

देवास (म. प्र.)

चि. अजेयास आशीर्वाद.

जन्मतःच श्वासनलिका अरुंद, म्हणून तुझ्या ईशानीच्या गळ्यात बसवलेली नळी परवा काढली आणि भोक शिवलं. नळी असताना आवाज फुटत नसे; काल पोर पहिल्यांदा आवाजानं रडली. सूनबाई तिला उचलायला गेली, तर मीच म्हटलं, "रडू दे गं, ऐकू दे जरा."

आज मान फुगली आहे. बोट लावलं की कातडीखाली कोरडे पोहे चुरल्यासारखं वाजतं. डॉक्टर म्हणाले, "रडण्याच्या जोरानं हवा कातडीखाली शिरली. क्वचित होतं. दम लागला तर नळी पुन्हा घालू."

धारच्या हिंदी शाळेत शिकलास, घरीही हिंदीच बोललास; अक्षरं वाचशील, पण मराठी तुला कळत नाही. म्हणूनच हे मराठीत लिहून खिशात ठेवतो. जहाजावरून फोन केलास की सांगेन, "सब ठीक है, बेटा."

घाबरलेला,
तुझा नाना