थेटरातली छावणी

गुरुजी,

इतक्या उशिरा लिहितोय, राग धरू नका. तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं झाली. एवढ्या काळात लिहायला बसलो नाही, कारण माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे आणि लिहायचं काय तेही मला माहीत होतं. आता मात्र थांबायला जागा राहिली नाही. यंदाही पाऊस नाही. दूध सोसायटीचे चेअरमन परवा घरी आले होते. माझ्या तमाशाच्या थेटराच्या जागेत पुन्हा गुरांची छावणी उघडायची म्हणतात, आणि ती मीच चालवायची. "तुमच्यासारखा अनुभवी माणूस दुसरा कोण हाय, मालक? बहात्तरला तुमच्या दावणीला एक जनावर दगावलं न्हाय म्हणत्यात." मी त्यांच्यापुढं चहा सरकवला. सोमवारी जनावरं आणायची म्हणतात. हो म्हणावं का नाही, या विचारात पडलोय.

एक जनावर दगावलं होतं, गुरुजी. ते कशानं, हे तेव्हा तुम्हाला आणि मलाच कळलं.

तामलवाडीच्या पुढं सोलापूर रस्त्याला मी थेटर बांधलं, तेव्हा तुम्ही एकदाच आला होता. भर दुपारी, छत्री घेऊन. आत आला नाही, फाटकाशीच थांबला. बाया चुलीवर भाकरी करत होत्या, पेटीवाला भाता दुरुस्त करत होता, मी ट्रकवाल्यांसाठी सोड्याच्या बाटल्या उतरवून घेत होतो. मागच्या वावरात चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारून विकायला प्लॉट पाडलेले. तुम्ही ते सगळं बघितलं आणि म्हणाला, "चौथीतनं पळालास ते इथं येऊन थांबलास व्हय?" मी हसत म्हणालो, "गुरुजी, लोक येत्यात, हसत्यात, घरी जात्यात. वाईट काय त्यात?" तुम्ही रेघांकडे छत्रीचं टोक केलं. "हसू दे की. पर सगळ्या वावरात दगड रोवू नको. पेरायला जरा जागा ठेव." मी ठेवली नाही. शेती माझ्या हातातून तेव्हाच गेली होती, आणि पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे असं मला वाटतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तसं थेटर ओस पडलं. सगळा मुलूख दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, बारी बघायला कोण येणार? तमाशाची पार्टी निघाली त्या दिवशी तिच्या मालकीण मोठ्या बाईंनी ट्रंकेवर बसून मला झापलं. "मालक, एवढी शेड मोकळी, हिरीला पाणी, आन् रस्त्यानं ढोरं मरायलीत. डोळं हायत का गोट्या?" त्या गेल्या, आणि मी दुसऱ्याच दिवशी बाकडी बाहेर काढून दावण ठोकली. पण कुणी येईना. "तमाशाच्या थेटरात गाय बांधायची व्हय?" असं म्हणून माणसं मरतुकडी जनावरं तशीच पुढं हाकत होती. मग तुम्ही तुमची कपिला घेऊन चालत आला. स्टेजच्या खांबाला तिला बांधली आणि फाटकात खुर्ची टाकून बसला. "आता बघू कोण येत न्हाय." आठ दिवसांत शेड भरली. मी पाण्याला दोन हौद करत होतो, वरच्या आळीला एक आणि बौद्धवाड्याला एक. तुम्ही गवंड्याच्या हातातली थापी काढून घेतली. "ढोराला पाणी पाजायलास का जात?" एकच हौद झाला.

उसाचं वाढं साखर कारखान्यावरून ट्रकनं यायचं. एकदा चार दिवस ट्रक आलाच नाही. गुरं हंबरत होती. अणदूरकडच्या एकाच्या विहिरीवर थोडी ज्वारी उभी आहे असं कळलं, मी धावत गेलो. गुडघ्याएवढी, खुरटलेली, पण हिरवी. गुरुजी, त्या वर्षात हिरवं काही दिसलं की डोकं फिरायचं. सकाळी कापली आणि तशीच गाडीत भरून आणली. तुम्ही पेंढी हातात घेऊन कांडं दाबून बघताय, ते मला आत्ताही दिसतंय. "किराळ न्हाय ना रं? वाळवलंय का चांगलं?"

किराळ म्हणजे पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी; तिच्यात विष असतं, उन्हात वाळवल्याशिवाय ती जनावरापुढं टाकायची नसते. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं, पण कुठंतरी मागं पडलं होतं, फक्कीच्या रेघांखाली. तुम्ही विचारलं तेव्हा ते लख्ख आठवलं. आणि तरीही तोंडातून निघालं, "व्हय, दोन दिस वाळवलंय." का म्हणालो? सगळ्यांसमोर तुम्ही मला पुन्हा चौथीतला म्हणाल, एवढ्याच भीतीनं.

तुम्ही ती पेंढी आधी कपिलेला घातली, मग गडी बाकीच्या गव्हाणी भरायला लागले. थोड्या वेळानं ती थरथरायला लागली. तोंडाला फेस. मी गुळाचं पाणी आणेपर्यंत तिचे पाय गेले. तुम्ही तिच्याकडं बघायलाही थांबला नाही. दावणीवरून पळत सुटला, प्रत्येक गव्हाणीतून पेंढ्या उपसून बाहेर फेकल्या. तुमचं धोतर सुटलं होतं. म्हणून बाकीची वाचली. लोक जमले तेव्हा तुम्ही दम खात म्हणाला, "म्हातारी होती. उन्हानं गेली." तुमच्या तोंडून खोटं मी तेवढं एकदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही खुर्चीवर हजर. पुढं पाऊस पडेपर्यंत रोज. मला एका शब्दानं विचारलं नाही. मी रोज वाट बघायचो, आज विचारतील, आज विचारतील. मग तुम्हीच गेला.

मला अजून कळत नाही. ज्वारीवाल्यानं मला फसवलं असं तुम्हाला वाटलं, की मी खोटं बोललो हे तुम्ही ओळखलं होतं? पोराला हे सांगितलं तर म्हणतो, "अण्णा, कशाला उकरून काढता? छावणी बंद पडंल, ढोरं मरतील." तेही खरं आहे. सांगितलं तर माझ्या दाराला कोण जनावर बांधेल? न सांगता उघडली, तर चाऱ्याबद्दल मी पुन्हा तसाच गप्प. आता फाटकात खुर्ची टाकून बसायला तुम्ही नाही.

हे पत्र टाकायचं कुठं, मला माहीत नाही. उशाखाली ठेवीन. एक गोष्ट मात्र कबूल करतो. मी विचारात पडलोय असं वर लिहिलं, पण चेअरमनना मी त्याच दिवशी हो म्हणून बसलोय. त्या जनावराचं मात्र काही बोललो नाही. चेअरमन आज पुन्हा येऊन गेले, तेव्हाही नाही. सोमवारला तीन दिवस आहेत, गुरुजी. रागावून का होईना, पण त्याच्या आत काहीतरी कळवा.